काढून ठेवलेले हातमोजे

"कुमुदताई, तीन दिवस झाले, बाळ अंगावर पीतच नाही. आमच्या यंत्रदाईनेही हात टेकले," डॉक्टर सबनीस दारातून अजिजीने म्हणाले.

याच सबनीसांनी कुमुदताईंना दोन वर्षं संवेदी हातमोजे घालायला लावले होते. बाळंतिणींना पाजायला शिकवणाऱ्या त्या हातांची हालचाल मोज्यांनी टिपली, यंत्रदाईला शिकवली आणि सबनीसांनी कुमुदताईंना नारळ दिला. तेव्हापासून यंत्रदाईला न जुमानणारी बाळं घेऊन आया गुपचूप त्यांच्याकडेच यायच्या.

सबनीसांना उंबऱ्याबाहेर ठेवून कुमुदताईंनी त्यांच्या लेकीला, गार्गीला, बाळासकट आत घेतलं. हात धुतले, तळवे चोळून ऊन केले, बाळाची हनुवटी बोटाने अलगद खाली केली आणि त्याने आ करताच गार्गीच्या छातीशी लावलं. रडणं थांबलं.

"हे यंत्रदाईला कसं येत नाही?" बाहेरून प्रश्न आला.

"तान्ह्या बाळाला मी मोज्यांनी कधी शिवले नाही. आधी काढून ठेवायचे. तुम्ही एकदा तरी वॉर्डात डोकावला असतात, तर दिसलं असतं."

"अहो, मग तेव्हाच सांगायचं!"

"तेव्हा तुमची गार्गी कॉलेजात होती," कुमुदताई शांतपणे म्हणाल्या. "म्हटलं, कधीतरी आई होईलच."