दोन घरजावई

थंडी नुकतीच सुरू झालेल्या एका शुक्रवारी, सकाळचे ऊन पाण्यावर उतरत असताना, पुलाच्या खालच्या अंगाला असलेल्या लाकडी धक्क्यावर चार माणसे जमली होती: नदीत मासेमारी करणारा थोरला भाऊ, त्याची बायको, काठावरच्या शेडमध्ये टाक्यांतून मासे वाढवणारा धाकटा भाऊ, आणि सरकारी खात्याकडून आलेली माशांची डॉक्टरीण. फळ्यांवर मेलेले मासे ओळीने निजवले होते. त्यांच्या अंगावर लाल चट्टे होते. काही चट्ट्यांची जखम होऊन आतले मांस उघडे पडले होते.

डॉक्टरीण उकिडवी बसून एकेक मासा उलटा करून पाहत होती.

"हे सगळे ह्या पेटीतले?"

धक्क्याला दोराने बांधलेली जाळीची पेटी पाण्यात अर्धी बुडाली होती. बाजाराच्या दिवसापर्यंत थोरला आपले मासे तिच्यात जिवंत ठेवी.

"आधी पेटीतले मेले," थोरला म्हणाला. "म्हटलं, दाटीनं गेले असतील. पण हे अलीकडचे चार वाहत आलेत. वरच्या वळणाला आणखी आहेत. आता जाळ्यात येतात तेही असलेच."

"पेटीत बाहेरचं काही घातलं होतं? दुसऱ्या पाण्यातले मासे?"

"छे! बाहेरचे म्हणजे ह्याचे घरजावई तेवढे." टाकीतल्या माशांना त्याने ठेवलेले हे नाव. आयते खायचे आणि गोल गोल फिरायचे, ह्याला दुसरे काय म्हणणार, असे तो म्हणे. "दोनच होते. खाऊन-पिऊन सुखी. त्यांना कसला आजार होतोय!"

"आमच्या भाऊजींची रीतच आहे तशी," वहिनी कौतुकाने म्हणाली. "टब मागून नेला होता. परत करताना रिकामा नाही आणला. आत पाणी घालून दोन जिवंत मासे! सासूबाईंची शिकवण एकट्या भाऊजींनी पाळली. नाहीतर आमचे हे. शेजारणीची वाटी महिनाभर आमच्याच फडताळात. घरात त्या दिवशी मासे होतेच, म्हणून मी ते दोन्ही पेटीत सोडले."

धाकट्याला आजवर कोणतीही स्तुती इतकी बोचली नव्हती.

मागून आणलेले भांडे रिकामे परत करू नये, हे खरेच. मात्र ते कशाने भरावे, ह्याविषयी रीत काही सांगत नाही. टब परत करायच्या सकाळी चौथ्या टाकीतले मासे भिंतीला अंग घासत होते आणि काहींच्या कल्ल्यांपाशी तांबडे टिपके उठले होते. बाकीच्या टाक्यांतले मासे गिऱ्हाइकासाठी राखलेले होते. म्हणून त्याने चौथ्या टाकीतलेच, पण अंगावर टिपका नसलेले दोन मासे पारखून घेतले. पारखून घेतले, त्याअर्थी शंका होती. आणि शंका होती, त्याअर्थी ठाऊक होते. ह्या सरळ अनुमानातून निसटण्यासाठी तो आठवडाभर वाटा शोधत होता. मासे खायला दिले होते, नदीत सोडायला नव्हे. चुलीवर चढले असते तर कोणाचेच काही बिघडले नसते. शिवाय त्याला कोणी काही विचारलेही नव्हते. तिन्ही मुद्दे बिनतोड होते, आणि तिन्हींनी त्याला झोप लागू दिली नव्हती.

डॉक्टरीण त्याच्याकडे वळली. "तुमच्याकडे मरतूक आहे?"

थोडीफार कुठे नसते, हे उत्तर त्याच्या जिभेवर तयार होते. ते बाहेर पडण्याआधीच थोरला बोलला.

"ह्याच्याकडे? अहो, ह्याच्या माशांना पाणीसुद्धा गाळून मिळतं. आमच्या पोरांचे एवढे लाड नाही झाले!" आणि हसत त्याने धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तो हात नसता तर धाकट्याने कदाचित निभावून नेले असते.

"दादा, ते चौथ्या टाकीतले होते."

"बरं, मग?"

"त्या टाकीत लागण झाली होती. मला ठाऊक होतं. चांगले विकायला ठेवले होते, म्हणून..."

वहिनीने उचललेली बादली पुन्हा खाली ठेवली. खांद्यावरचा हात निघाला. तो रागाने झटकला गेला नाही. जड वस्तू उचलावी तसा सावकाश उचलला गेला.

"नुसतं सांगायचंस तरी," थोरला म्हणाला. "म्हटला असतास, दादा, लगेच शिजव. मी काय विचारत बसलो असतो?"

"लाज वाटली."

"रिकामा टब आणायची लाज वाटली. हे आणायची नाही वाटली?"

थोरल्याने उत्तराची वाट पाहिली नाही. तो डॉक्टरिणीकडे वळला.

"बाई, ह्याच्या टाक्या वाचतील का?"

"आजारी टाकी पूर्ण रिकामी करावी लागेल. बाकीच्यांना औषध देता येईल. आजच दिलं तर वाचतील."

"मग आधी तिकडं चला. ह्याचं सगळं त्यातच अडकलंय."

एवढे बोलून तो वाकला आणि फळ्यांवरचे मासे शेपटीला धरून एकेक करून पोत्यात टाकू लागला. वहिनीने पोत्याचे तोंड उघडे धरले. तिने भाऊजींकडे पाहिले नाही.

शेडची वाट दाखवायची होती धाकट्याने, पण तो जागचा हलला नाही.

"आणि इथं?" त्याने विचारले. "इथं कोणतं औषध टाकायचं? मी आणतो. कितीही लागू दे, मी आणतो."

डॉक्टरिणीने हातमोजे उतरवले. तिने आधी जवळच्या पाण्याकडे पाहिले, मग वरच्या वळणापर्यंत, जिथे नदी झाडांआड जात होती.

"नदीला औषध देता येत नाही," ती म्हणाली.