गाईडमधला शेवट

शेवटचं पान संपलं आणि देवस्थळी मॅडमनी पुस्तक स्टाफरूमच्या टेबलावर आपटलं. हुकूमशाहीवरची ही गाजलेली कादंबरी त्या एकवीस वर्षं बी.ए.ला शिकवत होत्या, पण गाईडवरून. मूळ पुस्तक आज पहिल्यांदाच वाचलं. “नायक कैद्यांच्या छावणीतून निसटतो,” हे उत्तर त्या स्वतःच दरवर्षी मुलांना लिहून द्यायच्या. इथे तर फाटक सताड उघडं असूनही तो शहाणा आपल्या पायांनी आत परततो!

तणतणतच त्या वर्गात शिरल्या. “कालचं उत्तर खोडा. गाईड साफ चुकलंय.”

कुणी पेन उचललं नाही. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “पण मॅडम, पेपर तपासणाऱ्यांनी तरी पुस्तक वाचलेलं असतं का?”

आजवर स्वतः तपासलेले पेपरांचे गठ्ठे मॅडमच्या डोळ्यांपुढे आले.

“राहू दे,” त्या चडफडत म्हणाल्या. “गाईडमधलंच लिहा.”