मंगळवारची विधवा

"मामंजी! अहो मामंजी, तुमचा लेक मला टाकून गेला हो!"

काळा झगा, तोंडावर काळी जाळी आणि हनुवटीला चार दिवसांची दाढी अशी एक धिप्पाड विधवा निकानोरच्या गळ्यातच पडली. म्हातारा जागच्या जागी थिजला. भोवतीची माणसं खो खो हसली आणि कुणीतरी त्याच्या टोपीवर मूठभर मक्याचं पीठ उधळलं.

"सोड रे त्यांना, पाहुणे दिसतायत," एक बाई दारातून ओरडली. "आजोबा, मनावर घेऊ नका. आज मंगळवार आहे."

मंगळवार निकानोरला ठाऊक होता. कार्निव्हलचे चार दिवस पिऊन-नाचून जोसेलितो मंगळवारी मरतो आणि सगळं बार्रांकिया शहर त्याची अंत्ययात्रा काढतं. जोसेलितो म्हणजे शवपेटीत आडवा झालेला एखादा बेवडा, नाहीतर चिंध्या भरलेलं बाहुलं. त्याच्या विधवा मात्र डझनावारी आणि बहुतेक सगळ्या मिशीवाल्या. जी जास्त रडेल तिला जास्त टाळ्या. आम्ही असेच आहोत. मरणाची टिंगल केल्याशिवाय दुसऱ्या दिवशी सुरू होणारा चाळीस दिवसांचा उपास आम्हाला धरवत नाही.

निकानोर मगांगे गावाहून सहा तास बसनं आला होता. अकरा वर्षांपूर्वी त्यानं पोटच्या पोराला, एल्किनला, घराबाहेर काढलं होतं. सोंग म्हणून बाप्यानं झगा घातला तर आमच्याकडे कुणाचं काही जात नाही. पण एल्किनबद्दल गावात कानोकानी जे झालं होतं, ते सोंगाचं नव्हतं. "माझा पोर मेला," असं निकानोर भर चौकात म्हणाला होता. त्या शब्दाची माफी मागायची होती. त्याशिवाय मरायचं नाही, असं ठरवूनच तो निघाला होता. डोळे मोतीबिंदूनं निम्मे गेले होते. बाकीच्याचा काय भरवसा! एल्किननं या गल्लीत शिवणकाम धरल्याचं तेवढं त्याच्या कानावर आलं होतं.

"कपडे शिवतात ते घर कुठलं?" त्यानं दारातल्या बाईला विचारलं.

"ते काय, निळं दार. पण आज घरात कोण सापडणार? तो बघा तिकडे, पेटीला धरून रडतोय. असं रडणारा अख्ख्या गल्लीत दुसरा नाही."

खरं होतं ते. बाकीच्या विधवा रडता रडता डोळे मारत होत्या, बाटली फिरवत होत्या. ही एक सडपातळ विधवा तेवढी पेटीवर कपाळ टेकून हुंदके देत होती. लोक तिला दाद देत होते.

निकानोर जवळ गेला. त्यानं टोपी काढली.

"मी निकानोर. मगांगेहून आलोय."

हुंदका अर्ध्यात थांबला. जाळीआडचे डोळे त्याच्या चेहऱ्याकडे, मग त्याच्या डोळ्यांवरच्या पांढुरक्या पडद्याकडे बघत राहिले.

"बाबा?" आवाज रडून पार बसला होता.

"हो."

"या बाबा. उन्हात उभे राहू नका."

दोघं निळ्या दाराच्या पायरीवर बसले. कोपऱ्यावरून दोन अरेपा, म्हणजे अंडं भरून तळलेल्या मक्याच्या भाकरी आल्या, उसाचा रस आला. म्हाताऱ्यानं अरेपा हातात नुसती धरून ठेवली.

"ही जाळी काढत नाहीस?"

"पेटी पुरेपर्यंत काढत नाहीत, बाबा. नियम आहे."

"राहू दे. मला तसंही धूसरच दिसतं." म्हाताऱ्यानं घसा साफ केला. "इथं सुखी होतास?"

"होतो. फार सुखी होतो."

"आजारी होतास म्हणे. कोण बघायचं?"

"एकजण आहे घरात. तो बघायचा. चमच्या-चमच्यानं सूप भरवायचा."

"चांगला माणूस आहे?"

"कसला चांगला! तापट आहे. शिवाय भात करपवतो."

निकानोर हसला. अकरा वर्षांत इतकं मोकळं हसू त्याला आलं नव्हतं.

"चौकात मी जे बोललो… मी मूर्ख होतो रे. लोकांपुढे ताठ मानेनं चालायचं म्हणून पोर घालवून बसलो. मला माफ केलंस का?"

विधवेनं काळा हातमोजा काढला आणि म्हाताऱ्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

"कधीच केलं, बाबा. पहिल्याच वर्षी. जेवायला बसलं की तुमचं नाव निघायचंच. 'बाबांसारखा मासा कुणाला साफ करता येत नाही,' हे तर रोजचं ठरलेलं."

मग मात्र म्हाताऱ्याला आवरेना. टोपीत तोंड खुपसून तो ओक्साबोक्शी रडला. विधवाही रडली. जाणाऱ्या-येणाऱ्या पोरी थबकल्या.

"अगं बघ, सासऱ्यालासुद्धा रडवलं हिनं!"

त्यांनी टाळ्या वाजवल्या. पायरीवरच्या दोघांना त्याचा राग आला नाही.

ढोल पुढे सरकले. पेटी खांद्यांवर चढली. लोक या विधवेला हाका मारू लागले.

"जा, तुला बोलावतायत," निकानोर म्हणाला.

"बोलावू देत. आज त्यांच्याकडे रडायला पुष्कळ आहेत. मी तुम्हाला बसपर्यंत पोचवतो."

हातात हात घालून दोघं गर्दीतून चालत गेले. कुणी वाट दिली, कुणी थट्टा केली, कुणी पुन्हा पीठ उधळलं. थांब्यावर येईपर्यंत दोघांचे खांदे सारखेच पांढरे झाले होते.

मगांगेची बस उभीच होती. म्हातारा एक पाय पायरीवर ठेवून थांबला. पोराचा हात त्याच्यानं सोडवेना.

"पुढच्या वर्षी याल ना, बाबा?"

"येईन. हातपाय चालताहेत तोवर येईन."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

"एल्किन गेल्याचं मला दोन वर्षांपूर्वीच आमच्या पाद्रीबाबांनी सांगितलं होतं," निकानोर म्हणाला. "मातीला यायची छाती झाली नाही माझी. आता तुझं नाव सांग, पोरा."