दुसरा डबा

मशीनवर लाल दिवा लागला आणि बेघरांच्या जेवणाच्या खिडकीपुढची रांग थांबली.

"तुम्ही आज पुलाजवळच्या खिडकीवर डबा घेतलाय," मशीनवाली बाई म्हणाली. "इथं दुसरा मिळणार नाही."

रांगेत पुढे उभ्या टोपीवाल्याने अंगठा सदऱ्याला पुसला, पुन्हा टेकवला. पुन्हा लाल.

"अरे, पोट आहे का गोदाम?" आतून आक्का कडाडल्या. त्या इथल्या स्वयंपाकीण, पण वावरायच्या मालकिणीसारख्या, आणि तसं त्यांना बोलून दाखवायची कोणाची छाती नव्हती. हातातला डाव घेऊनच त्या खिडकीशी आल्या. "मागं बघ जरा, किती माणसं ताटकळलीत. तू दोन खायचे आणि शेवटच्याने तुझ्या तोंडाकडे बघत बसायचं?"

टोपीवाला खाली बघत म्हणाला, "दुसरा माझा नसतो, आक्का. आत्याचा असतो."

आजवर त्याचं निभावून जात होतं. एक डबा पुलाजवळ घ्यायचा, एक इथं. आता शहरातल्या सगळ्या जेवणाच्या खिडक्या, निवारे आणि दवाखाने एकमेकांना जोडले होते. एका ठिकाणी अंगठा टेकवला की सगळीकडे कळायचं.

"मग आत्याला आण की. तिला यायला काय पालखी पाठवू?"

"आणलीय."

रस्त्याच्या कडेला हातगाडी उभी होती. तिच्यावर कांबळं पांघरून एक म्हातारी बसलेली, पाय फळीसारखे सरळ. आत्या काही सख्खी नव्हे. बंद दुकानाच्या एकाच पायरीवर दोघं झोपत, तेवढंच नातं.

आक्कांनी मशीनवाल्या बाईला मशीनसकट बाहेर काढलं. ते बघताच म्हातारीने दोन्ही हात कांबळ्याखाली ओढून घेतले.

"अहो, अंगठा टेका," आक्का म्हणाल्या. "जेवण मिळेल, झोपायला खाट मिळेल, पायाला डॉक्टर मिळेल."

"नको."

"जेवण नको?"

"अंगठा नको. एकदा पुतण्याला दिला. औषधाचा कागद आहे म्हणाला. घर गेलं."

मशीनवाली बाई हळूच म्हणाली, "आक्का, हे तसलं नाही हो. मागं एका माणसाला दोन दवाखान्यांनी तेच जालीम औषध दिलं. एका दवाखान्याला दुसऱ्याचा पत्ता नाही. तो माणूस उठलाच नाही. म्हणून तर सगळं जोडलंय."

"मी कुठं वाईट म्हणते? पण हिला हे सांगून हिचं घर परत येणार आहे का?"

"आजचा डबा मी माझा देते," मशीनवाली बाई म्हणाली. "पण पायाचं काय? नोंद नसेल तर दवाखान्यात पुढं पाठवता येत नाही."

आक्कांनी कांबळ्याचं टोक उचललं. पायाची बोटं काळी पडली होती. त्यांनी टोक पुन्हा नीट खाली सोडलं. मग त्यांनी कंबरेच्या फडक्याला हात पुसला आणि स्वतःचा अंगठा मशीनवर दाबला.

हिरवा दिवा लागला. नवीन व्यक्ती, असं मशीन म्हणालं.

"आक्का! अहो, तुमची नोंद बेघरांत होईल."

"होऊ दे. सुनेला तेवढाच आनंद."

"हसण्यावारी नेऊ नका. अंगठा तुमचा लागला की खिडकीवर, निवाऱ्यात, दवाखान्यात, दर वेळी हिच्याबरोबर तुम्हालाच जावं लागेल. आणि तुम्ही आजारी पडलात तर डॉक्टरला पडद्यावर हिचं दुखणं दिसेल."

"मी आजारी पडत नाही. आणि जाईन की. भाजी काय, माझ्यावाचून तुम्हीसुद्धा करपवू शकता."

"हे नियमात बसत नाही, आक्का. माझी नोकरी जाईल."

मशीनवाल्या बाईने रांगेकडे बघितलं, मग कांबळ्याच्या त्या टोकाकडे. पुढचं बटण तिने दाबलं.

"झोपता कुठं?" तिने पडद्यावरचं वाचलं.

आक्का हातगाडीकडे वळल्या. "झोपता कुठं?"

"बंद दुकानाच्या पायरीवर."

"पाय कधीपासून दुखतात?"

"दुखायचे तेव्हा बरं होतं. आता कळतच नाहीत."

मशीनवाल्या बाईची बोटं थांबली, पुन्हा चालू लागली. "जवळचं माणूस?"

म्हातारीने हनुवटीने टोपीवाल्याकडे दाखवलं. त्याने टोपी काढली आणि उगाच पुन्हा घातली.

"नाव?"

हे मात्र म्हातारीला विचारायचं आक्कांच्या ध्यानात आलं नाही. अंगठा आपला, तर नावही आपलंच, या हिशेबाने त्यांनी तोंड उघडलं.

"थांबा," हातगाडीवरून आवाज आला. "नाव माझं घाला."

आणि तिने ते सांगितलं. स्वतःचं, बापाचं, आडनावासकट, रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. हात मात्र तिने कांबळ्याखालीच ठेवले.