तीन सालाची गॅरंटी

पुष्पांजलीचा कम्प्युटर चालूच होऊन नाही राहिला होता, अन् चार दिवसांपासून तिची एकच रट. "बाबूजी, माझ्याच हातानं बिघडला जी. काही उलटं दाबलं असंन मी." क्लासची परीक्षा डोक्यावर आलेली, अन् पोरगी कम्प्युटरले हात लावाले भेऊन राहिली. बाप मनिराम सीपीयूचा डब्बा उचलून, पोरीले घेऊन तिरोड्याहून गोंदियाले आला.

दुकानदार लोकेशनं डब्बा खोलून पाहिला. "मदरबोर्ड गेला, काका. हा सस्तावाला हाये, अन् हा तीन साल गॅरंटीवाला. लाइट कमी-जास्त झाली तरी सहन करते."

"गॅरंटीवालाच दे. पर मले सांग, आनखी काय काय सहन करते?"

"मशीन हाये काका, बैल नाही!" लोकेश हसला. मंग जुना बोर्ड उजेडात धरून म्हणाला, "पर याले एवढ्या मुंग्या काऊन लागल्या?"

पुष्पांजलीचं तोंड एवढुसं झालं. "मीच बिस्किटं खात होती जी तिथं बसून. चुकी माझीच हाये."

मनिरामले ते ऐकवेना.

पोरीकडं न पाहताच तो लोकेशले म्हणाला, "तिनं काही नाही केलं रे बापा. दसऱ्याले नांगर पुजला, सायकल पुजली, अन् नारळाचं पानी त्या डब्ब्यावर मीच चढवलं. आता असा बोर्ड दे, जो पुढच्या दसऱ्याले बी टिकंन."