तुरटीचा डोस

तुरटीच्या टाकीचा तळ दिसत होता. सकाळी आठला काठोकाठ भरलेली टाकी साडेदहालाच रिकामी! दिवसभर पुरणारी तुरटी अडीच तासांत गावाच्या पाण्यात गेली होती.

नदीला गढूळ पाणी आलं म्हणून बाईंनीच टाकीचा व्हॉल्व्ह जास्त उघडला होता. तेवढ्यात एका पंपाचा पट्टा तुटला आणि त्या धावपळीत व्हॉल्व्ह कमी करायचा राहून गेला. या जलशुद्धीकरण केंद्रात बारा वर्षं ऑपरेटर म्हणून राबून दोन महिन्यांपूर्वी कुठे त्या कायम झाल्या होत्या. घरात कमावत्या त्या एकट्याच. त्यांनी वरच्या मजल्यावर बसणाऱ्या केंद्रप्रमुख साहेबांना हाक मारली.

हाक ऐकून साहेब जिना उतरून धावत आले. व्हॉल्व्ह बंद करून त्यांनी घोटभर पाणी चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

"लागतंय खरं तुरट. पण यानं कुणी मरत नाही. अहो, लोक दाढी केल्यावर गालाला चोळतात तुरटी!"

"पण साहेब, हॉस्पिटलात डायलिसिस चालतं."

मागच्या वर्षी तिथला तंत्रज्ञ स्वतः येऊन समजावून गेला होता. तुरटीतलं ॲल्युमिनियम पिण्यातून गेलं तर बहुतेक पोटातूनच बाहेर पडतं. डायलिसिसचं पाणी मात्र रक्ताला खेटून वाहतं. त्यातून ते थेट रक्तात उतरतं, मेंदूपर्यंत पोचतं. आमचा फिल्टर एवढं पेलायचा नाही, काही कमीजास्त झालं तर आधी फोन करा, असं म्हणून त्यानं नंबरचा कागद फोनच्या वर चिकटवला होता.

साहेबांनी त्या कागदाकडे पाहिलंही नाही.

"फोन केलात की चौकशी लागलीच मागे. तुमची नोकरी जाईल आणि माझी मान अडकेल. चकार शब्द काढायचा नाही. मी बघतो काय ते."

मोबाइल कानाला लावत ते आवारात निघून गेले.

बाईंनी रिसीव्हर उचलला. ठेवला. साहेब वर कुणाशी तरी बोलतील, काहीतरी मार्ग काढतील, असं त्यांनी मनाला बजावून पाहिलं. मोठा पंप घरघरत होता. प्रत्येक क्षणाला तेच पाणी पुढे ढकलत होता.

त्या उठल्या. त्यांनी पंप बंद केला आणि नंबर फिरवला.

"पाण्यात तुरटी जास्त गेलीय. चूक माझी आहे. डायलिसिसची सगळी मशीन आत्ताच्या आत्ता बंद करा!"

पलीकडे रिसीव्हर टेबलावर आपटला. धावती पावलं, आरडाओरडा, मशीनचे भोंगे. बाईंनी डोळे घट्ट मिटले.

पंपाचा आवाज थांबलेला ऐकून साहेब दारात येऊन उभे राहिले. "ठेवा तो फोन!" ते ओरडले.

बाईंनी ठेवला नाही.

"पाचही जणांना काढलं, बाई," नर्स धापा टाकत म्हणाली. "अजून तरी कुणाला त्रास नाही. देवासारखा फोन केलात. सहाव्या आजींना तर आम्ही पाच मिनिटांपूर्वीच काढलं होतं. आईला ताबडतोब मशीनवरून काढा, म्हणून त्यांच्या मुलाचा फोन आला. कारण विचारलं तर सांगेनात. तुमचेच साहेब ना हो ते?"