येत्या रविवारी

"अहो, मागचे ब्रेक करकरतायत, बघा ना," असं बायको महिनाभर सांगत होती आणि तो ‘येत्या रविवारी’ म्हणत होता. मग एकदा बायको एकटी चालवत असताना उतारावर गाडी थांबलीच नाही, आणि त्यात ती गेली.

आज रविवार होता. पत्रा ठोकून आलेली गाडी त्याने अंगणात जॅकवर चढवली आणि मागे नव्या डिस्क, नवे पॅड बसवले. डिस्क हाताने फिरवून पाहिली. अलगद फिरली.

पूर्वी अशा वेळी ती आत बसून पेडल दाबायची. सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "दाब गं."

डिस्क जागीच थांबली. गाडीत कोणी नव्हतं.

"सोड," तो कसाबसा म्हणाला. डिस्क सुटली.

मग, कोणी न सांगता, आत पेडल दाबलं गेलं. पुन्हा दाबलं गेलं. पुन्हा, उतारावर दाबावं तसं, जीव खाऊन.